कशावरून? : मानवशास्त्र आणि पुरातत्त्व वरच्या पातळीवर शिकताना

पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या आठवड्यात सरांनी टेबलावर एक खापर ठेवलं. तळहातात मावेल एवढं, बाहेरून तांबूस, एका कडेला किंचित बाक. "बोला," एवढंच म्हणाले. आम्ही उत्साहानं सुरू झालो. मडक्याच्या काठाचा तुकडा आहे. "कशावरून?" चाकावर घडवलंय. "कशावरून?" स्वयंपाकाचं भांडं असणार. "कशावरून?" पंधरा मिनिटांत सगळा वर्ग गप्प.

मग त्यांनी खापर उजेडात तिरकं धरलं. आतल्या अंगाला बारीक, एकमेकींना समांतर रेषा होत्या. चाक फिरत असताना ओली माती बोटांखालून सरकते, तेव्हा अशा रेषा उमटतात. मग काठाची कड त्यांनी अर्धवर्तुळं काढलेल्या एका तक्त्यावर टेकवली आणि सरकवत नेली. एका कमानीशी ती बरोबर जुळली : भांड्याचं तोंड १८ सेंटिमीटर रुंद. तुटलेल्या बाजूला दोन तांबड्या कडांच्या मधोमध काळी रेघ दिसत होती. भट्टीत हवा पुरेशी खेळली नव्हती किंवा भाजणी लवकर आटोपली होती, म्हणून गाभा काळा राहिला होता. आणि स्वयंपाकाचं काय? काजळीचा कुठे ठिपकाही नव्हता. ते आपलं आम्हाला वाटलं होतं, इतकंच.

सगळं झाल्यावर ते म्हणाले, "हे सापडलं कुठे, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही."

पुढची कित्येक वर्षं मी जे शिकत गेलो ते सगळं या दोन प्रश्नांच्या पोटात होतं : कशावरून, आणि कुठे सापडलं. पदवीपर्यंत आपण बहुतेक निष्कर्ष शिकतो. माणूस अमुक काळी शेती करू लागला, अमुक समाजात वारसा आईकडून चालतो, असं. त्याच्या पुढे गेलं की त्या निष्कर्षांखालची जमीन उकरायची असते. हे कुणी ठरवलं, कशाच्या आधारावर, आणि त्याच पुराव्यावरून वेगळं काही म्हणता आलं असतं का? हा बदल पहिल्या सत्रात जड जातो. हुशार, पाठांतराला पक्की मुलंही गोंधळतात, आणि त्यांना वाटतं आपली निवडच चुकली. ती चुकलेली नसते. विषयच तिथून सुरू होतो.

आधी विषयांची मांडणी थोडक्यात. मानवशास्त्र हा माणसाचा अभ्यास : त्याचं शरीर, त्याची भाषा, त्याचे समाज आणि रीती. पुरातत्त्व हाही माणसाचाच अभ्यास, पण त्यानं मागे टाकलेल्या वस्तूंवरून. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांच्या परंपरेतून सांस्कृतिक मानवशास्त्र, जैविक मानवशास्त्र, भाषिक मानवशास्त्र आणि पुरातत्त्व या चारही शाखा एकाच विभागात नांदतात. युरोपात पुरातत्त्वाचा विभाग बहुधा वेगळा असतो, आणि काही ठिकाणी तो इतिहासाशी किंवा प्राचीन भाषांशी जोडलेला असतो. ही नुसती कार्यालयीन सोय नाही. पहिल्या प्रकारच्या विभागात खापरं मोजणाऱ्या विद्यार्थ्यालाही नातेसंबंधांचे सिद्धान्त वाचावे लागतात, तर दुसरीकडे त्याच विद्यार्थ्याला त्याऐवजी शिलालेख किंवा भूशास्त्र शिकावं लागेल. प्रवेश घेण्याआधी विभागाचं नाव पाहण्यापेक्षा तिथे कोणती प्रयोगशाळा आहे, कोण काय संशोधन करतंय आणि ते कोणत्या प्रदेशात काम करतात हे पाहणं जास्त शहाणपणाचं.

आता 'थिअरी'. हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. मी ती समजावताना नेहमी एका कचऱ्याच्या खड्ड्याचं उदाहरण घेतो. समजा उत्खननात एक जुना खड्डा लागला. त्यात राख, जनावरांची हाडं, फुटकी भांडी आणि तळाशी मूठभर मणी आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला अभ्यासक आधी विचारेल, ही भांडी कोणत्या संस्कृतीची, कोणत्या काळातली, आणि अशी भांडी आणखी कुठे मिळतात? त्याला नकाशा आणि कालक्रम भरायचा आहे. १९६२ साली लुईस बिनफर्ड या अमेरिकी अभ्यासकानं पुरातत्त्वाला मानवशास्त्र म्हणूनच पाहायला हवं असा आग्रह धरला. त्याच्या वाटेनं जाणारा विचारेल, हाडं कोणत्या प्राण्याची, कोणत्या वयाची, कोणत्या ऋतूत मारलेली? या लोकांनी आपल्या परिसराशी कसं जुळवून घेतलं होतं? आधी अनुमान मांडायचं, मग ते पुराव्यावर तपासायचं, ही त्यांची शिस्त. १९८० च्या दशकात इयन हॉडर आणि त्यांच्यासारख्यांनी वेगळाच मुद्दा काढला. या लोकांच्या लेखी घाण म्हणजे काय होतं? मणी तळाशी एकत्र का, ते हरवले की मुद्दाम ठेवले? वस्तू नुसती वापरली जात नाही, तिला अर्थही असतो. आणि सत्तेचा, वर्गाचा विचार करणारा म्हणेल, मांसल भागाची हाडं या खड्ड्यात आहेत आणि पलीकडच्या घराच्या खड्ड्यात नाहीत, ते का?

खड्डा तोच, पण प्रत्येकानं त्यातून वेगळा पुरावा उचलला. थिअरी म्हणजे एवढंच : कशाकडे पाहायचं हे ठरवणारी नजर. ती प्रत्येकाजवळ असतेच. माझी अशी काही नजर नाही, मी फक्त तथ्यं मांडतो, असं म्हणणाऱ्याची नजर फक्त तपासायची राहून गेलेली असते. म्हणून वर्गात जुने वाद वाचायला लावतात, आणि ते वाचावेत असं मी मनापासून सांगेन. ते लेख क्लिष्ट असतात हे खरं. पण लेखकाचा राग कुणावर आहे हे एकदा कळलं की बराचसा लेख उलगडतो.

पुरातत्त्वाची खरी शाळा मात्र खड्ड्यातच. म्हणजे उत्खननासाठी आखून खणलेल्या चरात, ट्रेंचमध्ये. बाहेरच्या माणसाला वाटतं, खणणं म्हणजे वस्तू शोधणं. प्रत्यक्षात आपण खणतो ते थर सुटे करण्यासाठी. ट्रेंचची एक उभी भिंत, जिला सगळे सेक्शन म्हणतात, ट्रॉवेलनं, म्हणजे छोट्या थापीनं, साफ तासून घेतली की सुरुवातीला नुसती माती दिसते. मग थोडं पाणी शिंपडायचं आणि ऊन कललं की पुन्हा पाहायचं. आता खाली पिवळसर, घट्ट मातीचा पट्टा दिसतो. त्यावर बोटभर जाडीचा, चोपून केलेल्या जमिनीचा थर. त्यावर राख. आणि या सगळ्यांना वरून चिरत खाली गेलेला, भुसभुशीत मातीनं भरलेला एक आकार : नंतरच्या कुणीतरी खणलेला खड्डा. आता याच खड्ड्याच्या तळाशी नाणं मिळालं तर ते जमिनीच्या थराइतक्या खोलीवर असेल, पण काळानं कितीतरी अलीकडचं. खोली पाहून काळ ठरवणाऱ्याची इथेच फसगत होते. कोणत्या थरानं कोणाला कापलं आणि कोण कोणाच्या वर बसलं, हा क्रम लावणं हे खरं काम. १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी हा क्रम चौकटी आणि रेघांच्या आकृतीत मांडायची पद्धत काढली, आणि आज जगभर ती 'हॅरिस मॅट्रिक्स' म्हणून शिकवली जाते.

थराची एवढी काळजी कशासाठी? कारण उत्खनन म्हणजे पुरावा नष्ट करणं. रसायनाचा प्रयोग फसला तर तो पुन्हा करता येतो. एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. उरतात त्या वस्तू, नोंदवह्या, आरेखनं, छायाचित्रं आणि मातीचे नमुने. म्हणून विद्यार्थ्याचा दिवस वस्तू सापडण्याच्या आनंदात कमी आणि नोंदीत जास्त जातो. खापरं धुवायची, वाळवायची आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक निबेनं काळ्या शाईत स्थळाचं चिन्ह, ट्रेंच, थर आणि क्रमांक लिहायचा. दिवसाला शेकडो. पाठ मोडते, डोळे दुखतात. पहिल्या हंगामात मला हे काम शिक्षा वाटलं होतं. त्याबद्दल शेवटी परत सांगतो.

कालमापनाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे वर्तमानपत्रं आणि संशोधक यांच्यात मोठी दरी आहे. विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन-१४ ची पद्धत विकसित केली, आणि त्यासाठी त्यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मूळ कल्पना सोपी आहे. वातावरणात किरणोत्सारी कार्बन-१४ सतत तयार होतो. वनस्पती तो हवेतून घेतात आणि प्राणी त्यांच्याकडून. जीव मेला की भर थांबते आणि आधीचा साठा घटत जातो. साधारण ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, आणखी तेवढ्या वर्षांत त्याचाही निम्मा. सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगं फारसं काही शिल्लक राहत नाही.

वरच्या पातळीवर शिकायच्या गोष्टी यापुढे सुरू होतात. वातावरणातलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेतून आलेला आकडा झाडांच्या वार्षिक वलयांसारख्या, स्वतंत्रपणे काळ माहीत असलेल्या पुराव्यांशी ताडून दुरुस्त करावा लागतो. दुरुस्तीच्या या आलेखात काही ठिकाणी सपाट पट्टे आहेत. इसवी सनपूर्व ८०० ते ४०० या दरम्यान असाच एक कुप्रसिद्ध पट्टा आहे. त्या काळातला नमुना असला की उत्तर दोन-तीन शतकांत पसरतं, आणि कितीही चांगलं यंत्र वापरलं तरी या एका नमुन्यावरून नेमकं साल निघत नाही. दुसरा घोटाळा लाकडाचा. मोठ्या वृक्षाच्या गाभ्यातली वलयं झाड तोडण्याच्या शेकडो वर्षं आधी 'मेलेली' असतात. त्यातून एका घराची तुळई काढून दुसऱ्या घराला लावलेली असली, तर मिळालेला काळ घराचा नसून लाकडाचा असतो. म्हणून हल्ली जळक्या धान्याचा एखादा दाणा पसंत करतात, कारण तो एका वर्षाचा असतो. कुणी "कार्बन डेटिंगनं सिद्ध झालं" म्हणालं की आमच्यातला कोणीही आधी हेच विचारतो : कशाचा नमुना, कोणत्या थरातला, आणि किती नमुने?

तो जळका दाणा मिळतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. मातीचा नमुना पाण्याच्या टाकीत सोडून हलवला की जळलेलं, हलकं बी वर तरंगतं आणि बारीक चाळणीत गोळा होतं. १९६० च्या दशकापासून ही रीत रुळली आणि जुन्या माणसांच्या आहाराबद्दलचं आपलं ज्ञानच पालटलं. त्याआधी डोळ्याला दिसतील ती हाडं उचलली जायची, त्यामुळे प्राचीन माणूस वास्तवाहून फार मोठा मांसाहारी दिसायचा.

या टप्प्यावर बहुतेक विद्यार्थ्यांना एखादं विशेष क्षेत्र निवडावं लागतं. हाडं, बिया, दगडी अवजारं, माती, धातू, नकाशे आणि उपग्रहचित्रं, नाहीतर रेणू. दातांच्या एनॅमलबद्दल तेवढं सांगतो, कारण मला ते अजूनही विलक्षण वाटतं. एनॅमल लहानपणी तयार होतं आणि नंतर बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर झिजतं आणि भरत राहतं. जमिनीतल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. ते पाण्यातून, अन्नातून शरीरात येतं. म्हणजे दात सांगतो बालपण कोणत्या प्रकारच्या जमिनीवर गेलं, आणि माणूस पुरला गेला ती जमीन जुळली नाही तर तो बाहेरून आला असला पाहिजे. प्राचीन डीएनएनं तर त्याहून मोठी उलथापालथ केली. २०१० मध्ये निअँडरथल या लुप्त झालेल्या मानवजातीच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्याचा, पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत त्याचा थोडा अंश आहे हे कळलं. स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. पण डीएनए वंश सांगतो. तो माणूस कोणती भाषा बोलत होता, स्वतःला कोण समजत होता, हे सांगत नाही. चांगल्या विभागात ही सीमारेषा पहिल्या दिवसापासून आखून देतात.

आता मानवशास्त्राकडे. तिथे ट्रेंच नसते, समोर जिवंत माणसं असतात, आणि मला ते काम जास्त अवघड वाटतं. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले आणि १९२२ मध्ये 'कुला' या देवाणघेवाणीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बेटांच्या एका मोठ्या वर्तुळात लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या दिशेनं फिरतात आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेनं. कुणीही त्या कायमच्या ठेवून घेत नाही. मिळालेली वस्तू काही काळानं पुढे द्यायची असते, आणि त्यासाठी लोक होडीतून धोक्याचा समुद्र ओलांडतात. नफ्याच्या हिशोबात हे बसत नाही. मालिनोव्स्कींनी दाखवलं की या वस्तूंच्या मागोमाग मैत्री, प्रतिष्ठा, साधा व्यापार आणि शांतता असं सगळं वाहत असतं. दूरवर बसून प्रश्नावली पाठवली असती तर यातलं काहीही हाती लागलं नसतं. तेव्हापासून दीर्घकाळ लोकांत राहून, त्यांच्यात वावरत पाहणं, म्हणजे सहभागी निरीक्षण, ही या विषयाची ओळख झाली. पीएचडीसाठी आजही साधारण वर्षभराचं फील्डवर्क अपेक्षित असतं. शेतीचं असो, सणाचं असो की उपासमारीचं, वर्षाचं एक पूर्ण चक्र पाहिल्याशिवाय समाज कळत नाही.

या कथेला एक कडू बाजू आहे आणि तीही शिकवतात. मालिनोव्स्कींच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये त्यांची खासगी रोजनिशी छापली गेली. तिच्यात ज्या लोकांबद्दल त्यांनी इतकं समजून लिहिलं, त्यांच्याविषयीची चीड आणि तुच्छता होती. सगळा विषय हादरला. पुढे या अस्वस्थतेतूनच एक शिस्त रुजली : पाहणारा कोण आहे, त्याची जात-वर्ग-लिंग-देश काय, लोक त्याला काय सांगतात आणि काय लपवतात, हेही अभ्यासात लिहायचं. स्वतःची ओळख बाजूला ठेवून पाहता येत नाही, तेव्हा ती उघडी ठेवून पाहायचं.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एका घरी बसला आहात आणि विचारता, घरातले निर्णय कोण घेतं? नवरा म्हणतो, "आम्ही दोघं मिळून." बायको हातातलं काम क्षणभर थांबवते, वर पाहते, पुन्हा कामाला लागते. कोपऱ्यातली म्हातारी हसते आणि विषय बदलते. नवशिका विद्यार्थी वहीत लिहितो : 'निर्णय संयुक्त.' मुरलेला त्याच रात्री दोन पानं लिहितो : कोण कुठे बसलं होतं, कोण आधी बोललं, हात कधी थांबला, हसू कशाच्या पाठोपाठ आलं. आणि अर्थ लगेच लावत नाही. दुपारी घरी फक्त बायका असताना पुन्हा जातो.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये याला 'सघन वर्णन' म्हटलं आणि तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांचं एक उदाहरण वापरलं. आपल्या भाषेत ते उदाहरण जन्मजात बसतं. डोळा लवणं आणि डोळा मारणं. पापणीची हालचाल तीच. कॅमेऱ्याला फरक दिसणार नाही. पण एकात काहीच म्हणायचं नसतं आणि दुसऱ्यात दोघांपुरतं एक गुपित असतं. हा फरक ओळखण्यापुरतं त्या समाजात मुरणं म्हणजे फील्डवर्क.

भाषेचा विषय निघालाच आहे तर नात्यांबद्दल. नातेसंबंधांचा पेपर विद्यार्थ्यांना नकोसा वाटतो. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न, आणि कागदभर रेघा. पण मराठी बोलणाऱ्याला हा पेपर खरं तर सोपा जायला हवा. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे चार वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत या चौघांना मिळून एकच. उलट अमेरिकेतल्या सेनेका लोकांत वडिलांच्या भावालाही 'वडील'च म्हणतात, हे लुईस हेन्री मॉर्गन यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवलं. म्हणजे रक्ताचं जाळं सगळीकडे सारखं, पण कोणाला एका खणात ठेवायचं आणि कोणाला दुसऱ्या, हे प्रत्येक समाज आपलं आपण ठरवतो. हे एकदा लख्ख कळलं की 'नैसर्गिक कुटुंब' हा शब्द कुणी उच्चारला तरी कान टवकारतात.

दोन्ही विषय एकमेकांना कसे लागतात, याची दोन उदाहरणं मला फार आवडतात. बिनफर्ड अलास्कातल्या नुनामिउत शिकाऱ्यांकडे जाऊन राहिले. शेकोटीभोवती बसून माणसं खातात तेव्हा हाडांचे बारीक तुकडे पायाशीच पडतात आणि मोठी हाडं दूर भिरकावली जातात, हे त्यांनी मोजून ठेवलं. आता हजारो वर्षांपूर्वीच्या एखाद्या राखेभोवती हाडांची तशीच दोन वर्तुळं दिसली, तर तिथे माणसं बसली होती असं म्हणायला आधार मिळतो. याला एथ्नोआर्किऑलॉजी म्हणतात.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. १९७३ मध्ये विल्यम रॅथ्जे यांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठात आजच्याच शहराचा कचरा पुरातत्त्वाच्या पद्धतीनं तपासायला घेतला. घरोघरी विचारलं की तुम्ही काय खाता, किती पिता, आणि मग कचरा वर्गवारी करून मोजला. लोकांनी सांगितलं त्याहून दारूच्या बाटल्या-डबे कितीतरी जास्त निघाले. लोक खोटं बोलत होते असा याचा अर्थ काढायची घाई करू नये. आपण कोण आहोत आणि आपण कोण असायला हवं, यांतलं अंतर त्या कचऱ्यात दिसत होतं. मुलाखत एक सांगते, वस्तू दुसरं सांगते, आणि संशोधकाला दोन्ही हवं असतं.

नीतिमत्तेचा पेपर कोणी हलक्यात घेऊ नये. या विषयांचा भूतकाळ स्वच्छ नाही. कवट्या मोजून माणसांच्या उतरंडी लावल्या गेल्या, थडगी उकरून सांगाडे संग्रहालयांच्या कपाटांत भरले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात केनेविक इथे नदीकाठी सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचा सांगाडा मिळाला. तिथल्या आदिवासी जमातींनी, पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा हक्क देणाऱ्या १९९० च्या कायद्याचा आधार घेऊन, तो आपला पूर्वज म्हणून परत मागितला. काही शास्त्रज्ञ कोर्टात गेले आणि २००४ मध्ये निकाल अभ्यासाच्या बाजूनं लागला. मग २०१५ मध्ये डीएनएनं दाखवलं की तो माणूस आजच्या अमेरिकी आदिवासींच्याच सर्वांत जवळचा होता. २०१७ मध्ये जमातींनी त्याचं दफन केलं. हा खटला वर्गात चर्चेला येतो तेव्हा आवाज चढतात, आणि चढायलाच हवेत. अभ्यास झाला म्हणून तर नातं सिद्ध झालं, असं एक जण म्हणतो. ते लोक वीस वर्षं हेच सांगत होते, असं दुसरा म्हणतो. मी दुसऱ्याच्या बाजूनं झुकतो.

कवट्यांचा विषय आला की मला इरावती कर्वे आठवतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचं मोठं नाव. मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे पाहणं इरावतीबाईंचं काम होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असंच लिहिलं. परक्या देशातली एकटी विद्यार्थिनी, समोर असा गाईड, आणि निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेविरुद्ध. आकडे जे म्हणत होते ते त्यांनी बदललं नाही. प्रबंध म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो.

प्रबंधाची व्यावहारिक बाजूही सांगायला हवी. काही देशांत पीएचडी तीन-चार वर्षांत होते, काही ठिकाणी सहा-सात वर्षं सहज जातात, आणि त्यातला मोठा काळ प्रश्न बारीक करण्यात जातो. 'प्राचीन व्यापार' हा प्रश्न नाही, तो फक्त विषय आहे. 'या स्थळावरचे शंखाचे मणी इथेच घडवले की तयार आले?' हा प्रश्न आहे. तुकडे, अर्धवट भोकं पाडलेले मणी आणि छिलके मिळाले तर इथे घडवले, नुसते तयार मणी मिळाले तर बहुधा बाहेरून आले. म्हणजे उत्तर चुकीचं ठरायची सोय त्यात आहे, आणि ती नसेल तर संशोधन होत नाही. दुसरी अडचण अशी की वेगवेगळ्या कारणांचा एकच परिणाम दिसू शकतो. आग्नेय युरोपातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत जळालेली घरं मोठ्या संख्येनं मिळतात. ती अपघातानं जळाली, हल्ल्यात की लोकांनी स्वतः मुद्दाम जाळली? राख तीच. मग आग किती तापली होती, सामान आत होतं की काढून घेतलं होतं, शेजारचं घर का वाचलं, अशा बारीक खुणांवर वर्षानुवर्षं वाद चालतो.

एकटेपणाही येतो. फील्डवरून परतल्यावर वह्यांचा ढीग समोर असतो आणि त्यातून काय म्हणायचंय हे सुचत नाही. अशा वेळी मला रोज थोडं लिहिण्याचाच उपयोग झाला, अगदी वाईट लिहिलं तरी. नोकरीच्या दृष्टीनं पाहिलं तर प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात. पण संग्रहालयं, बांधकामाआधीची पुरातत्त्वीय तपासणी, सार्वजनिक आरोग्य, आपत्ती आणि पुनर्वसन, वस्तूंची रचना करणाऱ्या कंपन्यांतलं वापरकर्त्यांचं संशोधन, न्यायवैद्यक अशा जागी ही माणसं लागतात. प्रवेश घेण्याआधी याचा शांतपणे विचार करावा.

शाईचं राहिलं.

स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये एक थडगं उघडलं गेलं. त्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या खेळाच्या सोंगट्या होत्या. व्हायकिंग योद्धा, म्हणजे पुरुष, हे कुणी तपासलंच नाही. १९७० च्या दशकात हाडं पाहणाऱ्या एका अभ्यासात ही स्त्री असावी असं म्हटलं गेलं, ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनए तपासला आणि ती स्त्रीच निघाली. लगेच आक्षेप आला : एवढ्या वर्षांत संग्रहालयात हाडांची अदलाबदल झाली नसेल कशावरून? हे त्याच थडग्यातले अवशेष आहेत कशावरून?

उत्तर हाडांवरच होतं. त्यांच्यावर शाईनं थडग्याचा क्रमांक लिहिलेला होता : 'बीजे ५८१'. शिवाय उत्खनन करणाऱ्या याल्मार स्टोल्पे यांच्या काळचं थडग्याचं आरेखन होतं, कोणती वस्तू कुठे पडली होती ते दाखवणारं. ती स्त्री स्वतः लढली होती का, की शस्त्रांना काही वेगळा अर्थ होता, हा वाद अजून चालू आहे. पण हाडं तीच, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. हे वाचलं त्या दिवशी मला माझा पहिला हंगाम आठवला : धुतलेल्या खापरांचे ढीग, बारीक निब, दुखणारे डोळे, आणि संध्याकाळी पुसट दिसणारा एक क्रमांक सरांनी मला पुन्हा लिहायला लावला होता, तो.